प्रवेश-परीक्षेचे गुण कसे वाढतात?

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली आणि १८५९ सालीं त्या विद्यापीठानें आपली पहिली प्रवेश-परीक्षा घेतली. मॅट्रिक या नांवानें पुढें घरोघर जिचा दरारा बसला, त्या परीक्षेचा हा आरंभ होय. त्या पहिल्या तुकडींत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या तरुणांत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे हे होते. उमेदवारानें आपल्या हातानें उत्तर लिहावयाचें, परीक्षकानें तें वाचावयाचें आणि आपल्या विचारानें गुण द्यावयाचे, अशी त्या काळची रीत होती. आज बारावीनंतर अभियांत्रिकी, औषधनिर्माण किंवा वैद्यक या शाखांकडे वळणाऱ्या मुलाला जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यांत अक्षर नाहीं, मांडणी नाहीं आणि परीक्षकहि नाहीं. बहुतेक प्रश्नांखालीं चार उत्तरें दिलेलीं असतात. त्यांतील एक निवडावयाचें आणि पुढें जावयाचें. परीक्षेचें स्वरूप इतकें पालटलें; परंतु तयारीची रीत पुष्कळ घरांत अद्याप मॅट्रिकच्याच काळची राहिली आहे. गुण कमी पडण्याचें एक मोठें कारण येथेंच सांपडतें.

पनवेलसारख्या गांवीं या गुणांना किती मोल आहे, हें सहज दिसून येतें. पनवेल हें पहिल्यापासून वाटेवरचें गांव. पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता येथून जातो, आणि मुंबईच्या हार्बर मार्गाचें हें शेवटचें स्थानक आहे. येथें १८५२ सालीं नगरपालिका आली. २०१६ सालीं तिची महानगरपालिका झाली. रयत शिक्षण संस्थेचें महात्मा फुले महाविद्यालय १९७० पासून येथें आहे. माटुंग्याची व्हीजेटीआय ही १८८७ सालीं स्थापन झालेली संस्था पनवेलच्या मुलाला परकी नाहीं. सकाळची गाडी धरून आणि वडाळ्यास उतरून तो तेथें जाऊं शकतो व रात्रीं घरीं जेवावयास येऊं शकतो. परंतु तेथील दार उघडतें तें प्रवेश-परीक्षेच्या गुणांनीं. ते थोडक्यानें हुकले, तर अधिक फीचें खाजगी महाविद्यालय किंवा दूरच्या गांवचें वसतिगृह, असे दोनच मार्ग पुष्कळदां उरतात. म्हणूनच दहा-वीस गुणांचा प्रश्न हा सामान्य कुटुंबाच्या चार वर्षांच्या खर्चाचा प्रश्न होऊन बसतो.

प्रथम परीक्षेची रचना नीट ध्यानांत घ्यावी. महाराष्ट्र राज्याच्या सीईटींत, २०२५ सालच्या नियमांप्रमाणें, गणित घेणाऱ्या उमेदवाराला पदार्थविज्ञान व रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावयाचे असतात आणि गणिताचे ५० प्रश्न आणखी ९० मिनिटांत. गणिताच्या प्रत्येक प्रश्नास दोन गुण, इतर विषयांत एक. एकूण गुण २००. चुकीच्या उत्तराबद्दल येथें गुण कापले जात नाहींत. जेईई मेन या अखिल भारतीय परीक्षेंत त्याच सालीं ७५ प्रश्न, तीन तास आणि ३०० गुण होते. वैद्यकाच्या नीट परीक्षेंत १८० प्रश्न, तीन तास आणि ७२० गुण. या दोहोंत बरोबर उत्तरास चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. भागाकार करून पाहिला तर सीईटीच्या शास्त्रविषयांत एका प्रश्नाच्या वांट्यास ५४ सेकंद येतात, नीटमध्यें एक मिनिट, सीईटीच्या गणितांत १ मिनिट ४८ सेकंद आणि जेईईंत २ मिनिटें २४ सेकंद. तेव्हां केवळ उत्तर येणें पुरेसें नाहीं; तें ठरल्या वेळांत आलें पाहिजे.

दुसरी समजून घेण्याची गोष्ट पर्सेंटाइलची. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरांपैकीं ९० गुण, असा समज अनेक पालकांचा असतो; तो बरोबर नाहीं. संगणकावरील परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते. म्हणून एका सत्रांत एखाद्या उमेदवाराइतके किंवा त्याहून कमी गुण शेंकडा किती उमेदवारांना पडले, हें मोजतात. तोच त्याचा पर्सेंटाइल. सत्रास दहा हजार उमेदवार बसले असें धरलें, तर ९० पर्सेंटाइलच्या मुलापुढें एक हजार जण असतात, ९९ च्या मुलापुढें शंभर आणि ९९.९ च्या मुलापुढें केवळ दहा. जेथें गर्दी दाट असते, तेथें चार-पांच गुणांच्या फरकानेंहि शेंकडों जण मागें पडतात. यावरून दिसून येईल कीं, मधल्या थरांतील विद्यार्थ्याला थोड्याशा सुधारणेचें फळ फार मोठें मिळतें.

आतां गुण जातात कोठें, तें पाहूं. एक साधा प्रश्न घ्यावा. एक मोटार पनवेलहून पुण्यास ताशीं ४० किलोमीटर वेगानें गेली आणि त्याच रस्त्यानें ताशीं ६० किलोमीटर वेगानें परत आली. तर तिचा सरासरी वेग किती? घाईचा विद्यार्थी ४० आणि ६० यांच्या मधला ५० हा आंकडा सांगतो, आणि चार पर्यायांत ५० असतोच. पण अंतर १२० किलोमीटर धरलें तर जाण्यास तीन तास लागले आणि येण्यास दोन. २४० किलोमीटर पांच तासांत, म्हणजे सरासरी वेग ४८. चांगल्या प्रश्नांत चुकीचे पर्याय उगाच दिलेले नसतात. विद्यार्थी ज्या वाटेनें चुकण्याचा संभव असतो, त्या वाटेच्या टोकाशीं ते मांडून ठेवलेले असतात. म्हणून आपलें उत्तर पर्यायांत सांपडलें एवढ्यावरून तें बरोबर आहे, असें मुळींच सिद्ध होत नाहीं.

चुका तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार अज्ञानाचा : तो भाग शिकलेलाच नव्हता. दुसरा न ओळखण्याचा : सूत्र ठाऊक होतें, पण या प्रश्नाला तेंच लागू पडतें हें सुचलें नाहीं. तिसरा निष्काळजीपणाचा : चिन्ह चुकलें, एकक बदलावयाचें राहिलें, “बरोबर नसलेलें विधान कोणतें” यांतील “नसलेलें” हा शब्दच नजरेंतून सुटला. या तिन्हींवर उपाय निरनिराळा आहे. पहिल्यास पाठ्यपुस्तक, दुसऱ्यास मिश्र सराव आणि तिसऱ्यास लिहिण्याची शिस्त. परंतु बहुतेक मुलें सरावपरीक्षा देतात, मिळालेले गुण पाहतात, खिन्न किंवा संतुष्ट होतात आणि दुसरी परीक्षा देतात. चूक कोणत्या जातीची होती हें पाहिलेंच जात नाहीं, आणि तीच चूक पुढच्या आठवड्यांत पुन्हां होते.

यासाठीं एक वही निराळी ठेवावी आणि तिच्यांत प्रत्येक चुकलेला प्रश्न, चुकीची जात व बरोबर रीत दोन ओळींत लिहावी. याचा लाभ आंकड्यांनीं दाखवितां येतो. जेईईच्या सरावांत एका मुलानें ६० प्रश्न सोडविले. ३६ बरोबर आले, २४ चुकले. त्याला १४४ वजा २४, म्हणजे १२० गुण पडले. त्या २४ चुकांपैकीं आठ चुका निव्वळ निष्काळजीपणाच्या निघाल्या आणि त्या त्यानें टाळल्या, तर ४४ बरोबर व १६ चूक होऊन गुण १६० होतात. नवीन एक अक्षरहि न शिकतां ४० गुण वाढले. दुकानदार रोज रात्रीं रोजमेळ घालतो तो कांहीं हौस म्हणून नव्हे. गळती कोठें आहे हें त्याशिवाय कळत नाहीं.

आतां अभ्यासाच्या रीतीकडे वळावें. तेंच तें पान पुन्हां पुन्हां वाचणें, खुणा करणें, टिपणें रंगविणें, ही सर्वांच्या ओळखीची रीत. हिची कसोटी अमेरिकेंतील सेंट लुई येथील रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनीं पाहिली; त्यांचा निबंध २००६ सालीं प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनीं एक उतारा वाचला. नंतर कांहींनीं तो पुन्हां वाचला आणि कांहींनीं न पाहतां आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां पुन्हां वाचणारांना सुमारें ८१ टक्के आठवलें आणि लिहून काढणारांना ७५. एका आठवड्यानें चित्र उलटें झालें : वाचणारे ४२ टक्क्यांवर आले, लिहून काढणारे ५६ वर टिकले. पुनर्वाचनानें मन समाधान पावतें, पण तें समाधान अल्पायुषी असतें. पुस्तक मिटून आठवून पाहणें जड जातें; पण त्यानेंच स्मरण पक्कें होतें. पनवेलहून रोज गाडीनें जाणाऱ्या विद्यार्थ्याला ही रीत विशेष सोयीची आहे. उभें राहून पुस्तक उघडतां येत नाहीं, पण काल वाचलेल्या धड्यांतील दहा मुद्दे नेरूळ येईपर्यंत मनांत जुळवितां येतात. जें आठवलें नाहीं, तेंच तेवढें घरीं येऊन पाहावें.

अशीच गोष्ट सरावाच्या क्रमाची. क्लासांत एका प्रकरणाचीं पन्नास उदाहरणें ओळीनें सोडवितात. तींत हात भराभर चालतो, कारण कोणतें सूत्र वापरावयाचें हें प्रकरणाच्या मथळ्यानेंच सांगितलेलें असतें. परीक्षेंत मथळा नसतो. रोरर आणि टेलर या अमेरिकन संशोधकांनीं २००७ सालीं घनफळाच्या उदाहरणांवर हा प्रयोग प्रसिद्ध केला. एका जातीचीं उदाहरणें एकत्र सोडविणारांचीं सरावाच्या वेळीं ८९ टक्के उत्तरें बरोबर आलीं, मिसळून सोडविणारांचीं ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेंत मात्र पहिल्या गटाला २० टक्के साधलीं आणि दुसऱ्याला ६३. धडा शिकतांना उदाहरणें एका जातीचीं घ्यावीं. पण तो धडा झाला कीं जुन्या चार धड्यांचीं उदाहरणें त्यांत मिसळावीं. सरावांत चुका वाढल्या म्हणून घाबरूं नये.

नेमस्त अंदाजाचेंहि एक शास्त्र आहे. सीईटींत चुकीला दंड नसल्यामुळें एकहि प्रश्न कोरा सोडणें म्हणजे हातचें टाकणें होय. शेवटचीं दोन मिनिटें राहिलेल्या प्रश्नांवर खुणा करण्यासाठींच राखावीं. जेईई व नीटमध्यें हिशेब निराळा. चार पर्यायांत डोळे मिटून बारा खुणा केल्या तर सरासरीनें तीन बरोबर येतील, नऊ चुकतील. १२ वजा ९, म्हणजे लाभ अवघा तीन गुणांचा, आणि एकच बरोबर आली तर सात गुणांचा तोटा. परंतु दोन पर्याय निश्चित चूक आहेत असें कळलें, तर उरलेल्या दोहोंत एका प्रश्नामागें सरासरी दीड गुणाचा लाभ आहे. तेव्हां नियम असा निघतो कीं, कारण देऊन निदान एक-दोन पर्याय खोडतां आले तरच खूण करावी. जेथें पर्याय नसून आंकडाच लिहावयाचा असतो, तेथें अंदाज करूं नये.

मराठी माध्यमांतून दहावी झालेल्या मुलांची एक अडचण निराळी. सीईटीचे शास्त्रविषय मराठींतहि मिळतात, जेईई मेन २०२१ पासून मराठींतून देतां येते, नीटहि देतां येते. पण सीईटीचा गणिताचा पेपर केवळ इंग्रजींत असतो. येथें बुद्धि कमी पडत नाहीं, शब्द अडवितात. “अॅट लीस्ट” म्हणजे किमान आणि “अॅट मोस्ट” म्हणजे जास्तींत जास्त, या एका भेदावर संभाव्यतेचें सबंध उदाहरण फिरतें. अशा तीस-चाळीस शब्दांचें एक पान करून तें अकरावीच्या आरंभींच मुखोद्गत करावें. सीईटीचे सुमारें ८० टक्के प्रश्न बारावीच्या व २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात; म्हणून राज्य मंडळाचीं पाठ्यपुस्तकें हाच पाया, आणि जाड मार्गदर्शकें त्यानंतर. अभियांत्रिकीच्या प्रवेशाला बारावींतहि ठराविक विषयांत किमान ४५ टक्के, राखीव वर्गांस ४० टक्के, लागतात. हें विसरून बारावीकडे पाठ फिरविणें घातक ठरतें.

क्लास लावावा कीं नाहीं, हा प्रश्न घरोघर विचारला जातो. चांगला शिक्षक अडलेलें सोडवितो, वेळापत्रक पाळावयास लावतो. पण विद्यार्थ्याच्या वतीनें आठवूं शकत नाहीं. दिवसाचे सहा तास ऐकण्यांत गेले आणि स्वतः सोडविण्यास एक तास उरला, तर फी कितीहि मोठी असो, गुण तेथेंच राहतात. क्लासाची निवड करतांना तेथें किती तास शिकवितात यापेक्षां तपासलेल्या चुकांवर किती वेळ देतात, हें पालकांनीं विचारावें. जेथें क्लासाची ऐपत नाहीं, तेथें पाठ्यपुस्तक, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, घड्याळ आणि चुकांची वही एवढ्या सामग्रीवरहि पुष्कळ काम होतें.

या सर्व उपायांनीं प्रत्येक जण पहिल्या शंभरांत येईल, असें मात्र कोणी समजूं नये. पर्सेंटाइल ही तुलनेची मोजणी आहे. सर्वांचे गुण सारखे वाढले तर कोणाचाच क्रम हालत नाहीं. परंतु जें आपल्याला येत होतें त्याचे गुण गमावणें, हें प्रत्येकास टाळतां येतें. शिवाय आठवून अभ्यास करण्याची आणि आपली चूक ओळखण्याची संवय परीक्षेच्या दिवशीं संपत नाहीं. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षांत, जेथें चार पर्याय समोर नसतात, तेथें तिचा उपयोग खऱ्या अर्थानें सुरू होतो.