उन्हाळ्यात पिल्लांना ऊब कशाला?

एप्रिल-मेमध्ये अंबड, परतूर, घनसावंगीकडं दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडखाली माणूस थांबत नाही. अशा दिवसांत कुणी एक दिवसाची शंभर पिल्लं आणून ब्रूडर, म्हणजे त्यांना ऊब द्यायचे दिवे, लावायला लागला, की शेजारी म्हणणारच, "अहो, इथं माणसं भाजून निघालीत आणि तुम्ही कोंबड्यांना शेकोटी करताय?"

दुपारपुरतं त्यांचं बरोबर आहे. पण हीच शेड पहाटे साडेतीन-चारला पाहावी. पारा पंचविशीच्या आसपास उतरलेला असतो आणि अंगणात बाज टाकून झोपलेल्याला तो गारवा सुखाचा वाटतो. कालच अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मात्र त्या वेळी 32 ते 35 अंश सेल्सिअसची ऊब हवी असते. भर उन्हाळ्यातही पहाटे ही सात ते दहा अंशांची तूट पडतेच. डिसेंबर-जानेवारीत भोकरदन-जाफराबादकडं रात्र दहा अंशांजवळ जाते, तेव्हा तुटीचा हिशेब सांगायलाही नको. म्हणून मराठवाड्यात "उन्हाळा आहे, ब्रूडर नको" हे म्हणणं अर्धंच खरं. दुपारी दिवे बंद करा, पडदे वर घ्या, हवा खेळू द्या. पण रात्री ऊब लागतेच.

कारण पिल्लाच्या अंगातच आहे. मोठ्या कोंबडीचं तापमान 41 अंशांच्या वर असतं आणि ते ती स्वतः सांभाळते. एक दिवसाच्या पिल्लाचं तापमान 40 अंशांच्या जवळपास असतं, पण ते टिकवणं त्याला जमत नाही. अंगावर नुसती लव, पिसांचा पत्ता नाही. शरीर लहान, त्यामुळं वजनाच्या मानानं उघडी कातडी जास्त. पहिले दोन आठवडे ते बाहेरच्या उबेवरच जगतं आणि नीट पिसं यायला तीन-चार आठवडे जातात.

"आमच्या आजीनं कधी दिवा लावला नाही, पिल्लं तरी जगलीच की," हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. आजीनं दिवा लावला नाही, कारण खुराड्यात खुडूक कोंबडी होती. अंडी तिनंच उबवली आणि पुढं पिल्लंही तिनंच पंखाखाली घेतली. आज गावात येणारी वनराज, ग्रामप्रिया, गिरिराज ही पिल्लं यंत्रात जन्मलेली असतात. पहिल्या दोन जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या, तिसरी बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची. परसात वाढवायलाच त्या तयार केल्या, म्हणून लोक त्यांना काटक समजतात. मोठेपणी त्या काटक असतातही. पहिल्या आठवड्यात मात्र वनराजाचं पिल्लू आणि ब्रॉयलरचं पिल्लू थंडीपुढं सारखंच दुबळं.

राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत लाभार्थ्याला एक तर एकदिवसीय 100 पिल्लं मिळतात, किंवा आठ-दहा आठवड्यांच्या 25 तलंगा (तरुण माद्या) आणि 3 नर. ज्याच्याकडं ब्रूडरची सोय नाही, त्यानं मोठे पक्षी घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. शंभराचा आकडा मोठा दिसतो म्हणून पिल्लं घ्यायची आणि आठवड्यात निम्मी पुरायची, यात कुणाचंच भलं नाही.

आता तापमान. पुस्तकात असतं: पहिल्या आठवड्यात 95 अंश फॅरनहाइट, म्हणजे 35 सेल्सिअस, पुढं दर आठवड्याला 5 फॅरनहाइट, म्हणजे पावणेतीन सेल्सिअसच्या आसपास, कमी करायचं. आकडे बरोबर आहेत, त्यांचा अर्थ चुकीचा लावला जातो. अख्खी शेड, निदान चिक गार्डचं, म्हणजे पिल्लांभोवतीच्या कुंपणाचं, अख्खं रिंगण 35 अंशांवर तापवायचं, असा लोकांचा समज होतो. हे 35 दिव्याच्या खाली, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर हवेत. रिंगणाच्या कडेला त्याहून चार-पाच अंश कमी असलेलेच बरे. खुडूक कोंबडीच्या मागं फिरणारं पिल्लू पाहा. गारठलं की पंखाखाली शिरतं, उबलं की बाहेर येऊन टिपायला लागतं. किती ऊब घ्यायची हे त्याचं ते ठरवतं. ब्रूडरमध्ये ही निवड आपण ठेवली नाही, तर थर्मामीटर कितीही बरोबर दाखवो, काही पिल्लं गारठणार आणि काही उकडणार. आणि थर्मामीटर भिंतीला, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगला असेल, तर तो आपलं तापमान सांगतो, पिल्लाचं नाही.

त्यापेक्षा पिल्लांकडं पाहावं. रात्री आवाज न करता शेडजवळ जायचं आणि आत शिरण्याआधी कान द्यायचा. सगळं ठीक असेल तर हलकी, अधूनमधून येणारी चिवचिव ऐकू येते. पिल्लं रिंगणभर पसरलेली, काही दिव्याखाली पाय पसरून झोपलेली, काही भांड्यापाशी. गारठली असतील तर आवाज तीक्ष्ण आणि न थांबणारा असतो, आणि दिव्याखाली एकावर एक ढीग झालेला दिसतो. "किती गोड झोपलीत जवळजवळ" म्हणून फोटो काढतात तो हाच ढीग. त्यात तळाची पिल्लं गुदमरून मरतात आणि सकाळी चपटी सापडतात. उकाडा असेल तर उलटं: सगळी दिव्यापासून लांब, गार्डला चिकटून, पंख सैल सोडलेले, चोची उघड्या, आवाज जवळपास नाहीच. सगळी एकाच बाजूला गोळा झाली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा शिरतोय; पडद्याची फट शोधा. याशिवाय दोन-चार पिल्लं उचलून त्यांचे पाय आपल्या गालाला लावून पाहावेत. पाय गार लागले, तर हवा उबदार असूनही जमीन थंड आहे. दिवे पिल्लं येण्याच्या चोवीस तास आधी लावायचे ते याचसाठी, म्हणजे खालचा भुसाही तापतो. आपल्याकडं भाताचं तूस सहज मिळत नाही. लाकडाचा भुसा किंवा शेंगांची टरफलं दोन-तीन इंच पसरली तरी काम होतं. आणि रिंगण गोलच हवं. चौकोनी खोक्याचा कोपरा म्हणजे ढीग व्हायला आयती जागा.

सगळ्यात जास्त पिल्लं बहुधा ज्या समजुतीनं जातात, ती म्हणजे "बल्ब लावलाय की." कुठला बल्ब? पूर्वी घरोघरी 100 वॅटचा पिवळा बल्ब असे आणि त्यातली बहुतेक वीज उष्णतेतच जायची. प्रकाशासाठी तो तोटा होता, पिल्लांसाठी तीच चैन. 2015 मध्ये उजाला योजना आली, एलईडी स्वस्त झाले आणि पिवळे बल्ब दुकानातून दिसेनासे होत गेले. उजेड पाहून फसायला होतं. 9 वॅटच्या एलईडीतून मिळणारी सगळी ऊब मिळून 9 वॅटच. ढोबळ हिशेब पिल्लामागं 2 वॅटचा आहे. शंभर पिल्लांना 200 वॅट, म्हणजे असे बावीस-तेवीस एलईडी लागतील. तेव्हा जुन्या पद्धतीचे 100 वॅटचे दोन बल्ब शोधून आणा, नाही तर इन्फ्रारेड दिवा किंवा सिरॅमिक हीटर घ्या. 200 वॅट चोवीस तास चालले तर दिवसाला 4.8 युनिट जळतात. शंभर पिल्लांच्या किमतीपुढं हा खर्च फार नाही. लाल काच असली म्हणजे दिवा जास्त तापतो, असंही नाही. लाल उजेडात पिल्लं एकमेकांना कमी टोचतात, त्याचा फायदा तेवढाच. दिवा तारेच्या भरवशावर लोंबकळत ठेवू नका, साखळीनं बांधा. भुशात पडला तर शेड पेटते.

हिवाळ्यात वेगळाच खेळ असतो. वीज महाग म्हणून कोळशाची शेगडी, आणि ऊब जाऊ नये म्हणून चारी बाजूंचे पडदे जमिनीपर्यंत घट्ट. "निखारे बाहेर पेटवले, धूर संपल्यावरच आत आणले, मग काय होतंय?" धूर संपला म्हणजे विषारी वायू संपला असं होत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. लालबुंद, बिनधुराच्या निखाऱ्यातूनही तो निघतो. बंद शेडमध्ये त्यानं पिल्लं मरतात आणि राखण करायला तिथंच झोपलेल्या माणसाचाही जीव जाऊ शकतो. शेगडी वापरायचीच असेल तर पडदे वरून फूटभर उघडे ठेवा आणि आत झोपू नका. ओल्या भुशातून येणारा अमोनियाही जमिनीलगत आधी जाणवतो. तपासायचं तर उभं राहून नाही, गुडघ्यावर बसून वास घ्या.

पिल्लांची बुडं विष्ठेनं चिकटली की थेट "पांढरी हगवण" म्हणून अँटिबायोटिकची पुडी आणली जाते. पांढरी हगवण हा खरा रोग आहे, जिवाणूंचा, आणि त्याचं निदान पशुवैद्यकानं करावं. पण गारठलेल्या किंवा उकडलेल्या पिल्लांचंही बूड असंच चिकटतं. पुडीआधी मागच्या दोन रात्रींचं तापमान आठवून पाहावं. "हॅचरीचा मालच खराब" या तक्रारीचंही तसंच. कधी ती खरी असते. पण पिल्लाच्या पोटात दोन-तीन दिवस पुरेल इतका बलक शिल्लक असतो. पहिल्या रात्री गारठलेलं पिल्लू खात नाही, पीत नाही, तो बलकही नीट जिरत नाही, आणि ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरतं. दोष पहिल्या रात्रीचा असतो, आळ मात्र खाद्यावर येतो. आणल्यानंतर चोवीस तासांनी वीस-पंचवीस पिल्लांच्या मानेखालची अन्नाची पिशवी बोटानं चाचपा. जवळपास सगळ्यांची भरलेली आणि मऊ लागली, तर सुरुवात चांगली झाली.

शेतातल्या शेडची वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून ब्रूडर लावण्याआधीच पर्यायाची तयारी हवी. गार्ड आत सरकवून रिंगण लहान करायचं, गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवायच्या, वरून अर्धं रिंगण पोत्यानं झाकायचं. अर्धंच, म्हणजे हवाही राहते.

राहिला प्रश्न ब्रूडर काढायचा कधी. "एकविसाव्या दिवशी काढायचा" असं कुणी तरी सांगितलेलं असतं आणि लोक कॅलेंडरवर खूण करून बसतात. मे महिन्यात दोन-अडीच आठवड्यांनी काम भागू शकतं, जानेवारीत चार लागतात. आधी दुपारी बंद करा, मग दिवसभर, मग फक्त मध्यरात्रीनंतर चालू ठेवा. पंखांवर आणि पाठीवर पिसं भरली आणि सलग दोन-तीन पहाटे एकही पिल्लू दिव्याखाली आलं नाही, की दिवा उतरवायला हरकत नाही. तरी हवा अचानक गार पडली तर तो पुन्हा लावता यावा, म्हणून साखळी आठवडाभर तिथंच असू द्या.