कपाट करून घेताना आधी जोड विचारा

आजचा विषय आहे कपाट. प्रत्येक गटाला कधी ना कधी ते लागतंच. वह्या, पासबुकं, ठरावाचं रजिस्टर ठेवायला, कुठे पापड-मसाल्याची पाकिटं, कुठे शिवणाचं कापड ठेवायला. आपल्या चंदनसारसारख्या भागात मिस्त्री जवळच मिळतो, म्हणून भिंतीच्या मापाचं लाकडी कपाट करून घ्यायचं ठरतं. मग बैठकीत चर्चा होते सनमायक्याच्या रंगाची आणि हँडलची. फळ्या एकमेकींना जोडणार कशा, हे कुणी विचारत नाही. कपाट डुगडुगायला लागतं ते मात्र जोडापासूनच. पैसे गटाचे असतात, दहा-वीस जणींच्या महिन्या-महिन्याच्या बचतीचे. तेव्हा आगाऊ रक्कम देण्याआधी जोडाबद्दल काय विचारायचं, ते आज समजून घेऊ.

सांगाडा कशावर उभा असतो

दारं आणि सनमायका मनातल्या मनात बाजूला काढा. उरतो तो सांगाडा. मिस्त्री त्याला बॉक्स म्हणतात. दोन उभ्या बाजू, वरची फळी, तळ, मधल्या आडव्या फळ्या आणि पाठ. वजन सरळ खाली येतं तेव्हा बाजू ते सहज पेलतात. खरा ताण येतो कपाट सरकवताना, किंवा जमीन उंचसखल असताना. तेव्हा चौकोन तिरका व्हायला बघतो. काड्यापेटीचं रिकामं टरफल घ्या आणि कोपऱ्यावर दाबा, लगेच चपटं होतं. आतलं खोकं सरकवून पुन्हा दाबा, आता ते हलत नाही. कपाटातही चारही कोपऱ्यांचे जोड आणि पाठ मिळून तेच काम करतात.

जोड अनेक प्रकारचे आहेत, आणि सगळीकडे चालेल असा एकही नाही. तीन गोष्टींवर निवड ठरते. फळी कशाची आहे, वजन किती ठेवणार, आणि कपाट पुढे हलवायचं आहे का.

अस्सल लाकूड असेल तर

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. भाताच्या पेंढ्याची कापलेली टोकं पाणी शोषतात, तशी फळीची कापलेली टोकं सरस पिऊन टाकतात. म्हणून एका फळीचं टोक दुसरीला नुसतं टेकवून चिकटवलं, तर तो जोड सर्वांत कच्चा. जुने सुतार हे ओळखून होते. एका लाकडाला कुसू काढायचा, दुसऱ्याला तेवढंच भोक पाडायचं आणि एकात एक बसवायचं. असे कुसू-भोकाचे जोड जुन्या घरांच्या दारांच्या चौकटींत अजून बघायला मिळतात. यात सरस लाकडाच्या आडव्या अंगाला लागतो आणि कुसू ताण घेतो.

ड्रॉवरला रोज ओढ बसते. तिथे डोव्हटेल चांगला. त्याचे दात कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखे, टोकाला रुंद असतात, म्हणून पुढे ओढलं तरी निसटत नाहीत. त्याला वेळ लागतो, मजुरी जास्त पडते. सगळ्या कपाटाला तो करायची गरज नाही.

अस्सल लाकडाची आणखी एक खोड आहे. पावसाळ्यात दार अडतं आणि उन्हाळ्यात सुटतं, हे आपण सगळ्या अनुभवतो. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. फूटभर रुंदीची सागाची फळीसुद्धा ऋतूनुसार दोन-तीन मिलिमीटर कमी-जास्त होऊ शकते. म्हणून दारातली रुंद फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवायची, चारी बाजूंनी चिकटवायची नाही. चिकटवली तर फळी तडकते किंवा चौकट उघडते.

प्लायवूड असेल तर

आज बहुतेक कपाटं प्लायची होतात. प्लाय म्हणजे पातळ थर, एक उभा एक आडवा असे चिकटवलेले. त्यामुळे ती फारशी फुगत-आकसत नाही, आणि कुसूची गरज उरत नाही. इथे चांगला जोड म्हणजे खाच. उभ्या बाजूत आडव्या फळीच्या जाडीएवढी खाच पाडतात आणि फळी तीत बसवतात. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायला साधारण ६ मिलिमीटर खोल खाच पुरते. वजन मग स्क्रूवर न येता खाचेच्या कडेवर येतं. खाचेत सरस लावायचा आणि बाहेरून स्क्रू मारायचा. स्क्रूआधी ड्रिलने बारीक भोक पाडायला सांगा, नाहीतर प्लायच्या कडेचे थर फाटतात. नुसते खिळे ठोकून केलेला जोड स्वस्त पडतो, पण कपाट दोन-चारदा सरकवलं की खिळे ढिले होतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. सरस लाकडाला धरतो, सनमायक्याला नाही. आतून आधीच सनमायका लावलेल्या दोन फळ्या सरसाने जोडल्या, तर तो जोड नावापुरताच. खाच पाडली की आतलं उघडं लाकूड मिळतं आणि सरस कामाला येतो. सरस लावल्यावर जोड शिकंज्यात घट्ट धरून ठेवायला हवा आणि पुरता वाळायला एक दिवस द्यायला हवा. सकाळी जोडलं आणि संध्याकाळी घरी पोचवलं, अशी घाई करू देऊ नका.

भुशाचा बोर्ड असेल तर

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि चुरा दाबून केलेली फळी. तयार मिळणारी स्वस्त कपाटं बहुधा याचीच असतात. त्याच्या कडेत साधा स्क्रू नीट धरत नाही, आणि एकदा काढून पुन्हा लावला तर भोक भुसभुशीत होतं. यासाठी जाड आट्यांचे खास स्क्रू मिळतात, किंवा लाकडी खुंट्या आणि मिनिफिक्स वापरतात. मिनिफिक्स म्हणजे एका फळीत बोल्ट, दुसरीत गोल चकती. चकती फिरवली की बोल्ट ओढला जातो आणि जोड आवळतो.

मिनिफिक्सचा खरा फायदा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना होतो. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार संपला की खोली बदलावी लागते. सरसाने पक्कं केलेलं मोठं कपाट जिन्यातून उतरत नाही, आणि तोडलं तर वाया जातं. गटाची जागा भाड्याची असेल, तर प्लायचं कपाट मिनिफिक्सने जोडून घ्या. पैसे थोडे जास्त जातील, पण ते सुटं करून नेता येईल. जागा स्वतःची असेल, तर खाच, सरस आणि स्क्रू हाच जोड जास्त भक्कम.

पाठ आणि फळी

पैसे वाचवायचे म्हणून पाठ पातळ हार्डबोर्डची लावून चार खिळे मारतात. काड्यापेटी आठवा. ६ मिलिमीटरची प्लाय खाचेत बसवून किंवा चारी कडांना स्क्रू मारून लावलेली पाठ कपाटाला तिरकं होऊ देत नाही.

वह्या-रजिस्टरांनी भरलेल्या तीन फुटांच्या एका फळीवर तीस किलोच्या आसपास वजन सहज होतं. तेवढंच वजन ठेवून फळीची लांबी दुप्पट केली, तर ती आठपट वाकते. म्हणून १८ मिलिमीटरच्या प्लायला अडीच-तीन फुटांनंतर मध्ये उभा आधार हवा. पार्टिकल बोर्डला तो दोन फुटांवरच द्या.

पाण्याचं काय

जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरारमध्ये पाणी साचलं होतं, ते आपण विसरलेल्या नाही. फळीच फुगली तर कुठलाही जोड टिकत नाही. पार्टिकल बोर्ड एकदा भिजला की फुगतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. तळमजल्यावर कपाट असेल तर त्याला चार-सहा इंचांचे प्लास्टिकचे पाय लावा आणि निदान तळ व बाजू पाण्याला टिकणाऱ्या प्लायच्या घ्या. प्लायवर शिक्का असतो, तो वाचा. आयएस ३०३ ही नेहमीच्या वापराची प्लाय. त्यात एमआर म्हणजे दमट हवा सोसणारी आणि बीडब्ल्यूआर म्हणजे त्याहून जास्त पाणी सोसणारी. आयएस ७१० ही मरीन प्लाय, ती सर्वांत महाग. उघड्या कडांना पट्टी किंवा रंग लावून घ्या, कारण पाणी कडेतूनच आत शिरतं.

मिस्त्रीदादांना विचारायचे प्रश्न

१. फळी कशाची, जाडी किती, शिक्का कोणता?
२. आडव्या फळ्या खाचेत बसवणार की नुसत्या टेकवून स्क्रू मारणार?
३. सरस लावणार ना? वाळायला किती वेळ देणार?
४. पाठ किती जाडीची आणि कशी लावणार?
५. कपाट पुढे सुटं करता येईल का?

उत्तरं ठरावाच्या वहीत लिहा, मिस्त्रीदादांनाही दाखवा, आणि मग आगाऊ रक्कम द्या. पाठ लावण्याआधी एकदा जाऊन जोड बघून या. सनमायका चढल्यावर आतलं काही दिसत नाही.

शेवटची रक्कम देण्याआधी एक दोरी घेऊन जा. कपाटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरा आणि गाठ मारा. मग तीच दोरी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरा. गाठ बरोबर कोपऱ्यावर आली, तर कपाट गुण्यात आहे. नाही आली, तर चौकोन तिरका झालाय, दारं पुढे घासणार. हे तपासायला टेप लागत नाही, आकडे वाचता येणंही लागत नाही. गटातली कुणीही हे करू शकते. तपासून झालं की मगच उरलेले पैसे द्या, आणि पावती घ्यायला विसरू नका.