साठीनंतरची झोपेची गोळी

चाळिशीत सुरू झालेली झोपेची गोळी सत्तरीतही तशीच चालू आहे, असं अनेक घरांत दिसतं. औषध तेच, डोस तोच. तरीही अलीकडे आजी सकाळी उशिरापर्यंत झापडेत असतात, बोलताना अडखळतात, चालताना भिंतीचा आधार घेतात. घरचे म्हणतात, "वय झालं आता." वय झालंय हे खरंच, पण त्या वयात गोळी वेगळ्या रीतीने काम करू लागली आहे, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

डायझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम ही बेन्झोडायझेपिन गटातली औषधं. मेंदूतल्या चेतापेशींना शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा परिणाम ती वाढवतात. झोल्पिडेमची रचना वेगळी असली तरी कामाची जागा तीच. वयानुसार या औषधांच्या बाबतीत तीन गोष्टी बदलतात.

पहिली गोष्ट चरबीची. वजनकाट्यावरचा आकडा तोच राहिला तरी उतारवयात स्नायू आणि शरीरातलं पाणी घटतं, चरबीचं प्रमाण वाढतं. डायझेपाम चरबीत सहज विरघळतं. त्यामुळे ते तिथे साठतं आणि सावकाश रक्तात परत येत राहतं.

दुसरी गोष्ट यकृताची. त्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि काही औषधांचं विघटन मंदावतं. या दोन्हींचा परिणाम म्हणून औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. शरीरातलं निम्मं डायझेपाम ओसरायला विशीत साधारण 20 तास लागतात, तर ऐंशीच्या आसपास सुमारे 90 तास. म्हणजे दुसऱ्या रात्री गोळी घेताना तरुणाच्या शरीरात आदल्या रात्रीच्या डोसाचा निम्म्याहून कमी भाग उरलेला असतो, आणि आजोबांच्या शरीरात जवळजवळ 80 टक्के. त्यावर रोज नवी भर पडते. शिवाय डायझेपामपासून शरीरात तयार होणारा पदार्थही गुंगी आणतो आणि तो आणखी उशिरा बाहेर पडतो.

लोराझेपामचं विघटन यकृतात वेगळ्या मार्गाने होतं आणि त्या मार्गावर वयाचा परिणाम कमी होतो. म्हणून ते निर्धोक आहे असं मात्र नाही, कारण तिसरी गोष्ट मेंदूची आहे. रक्तात औषधाचं प्रमाण तेवढंच असलं तरी म्हाताऱ्या मेंदूवर त्याचा अंमल जास्त होतो. गुंगी वाढते, स्मरण आणि तोल ढासळतो.

रात्री दोनला लघवीला उठण्याचा प्रसंग घ्या. पलंगावरून उभं राहताना रक्तदाब क्षणभर खाली येतो. तरुण शरीर तो लगेच सावरतं, वृद्ध शरीराला वेळ लागतो. त्यात अंधार, कमी दिसणं आणि गोळीने सैलावलेले स्नायू. पाय अडखळला तर सावरायला हात वेळेवर पुढे येत नाही आणि खुब्याचं हाड मोडतं. अनेकांचं स्वतंत्र हिंडणं-फिरणं तिथेच संपतं.

म्हणूनच झोल्पिडेमच्या साध्या गोळीचा डोस वृद्धांसाठी 10 ऐवजी 5 मिलिग्रॅम सांगितला जातो. अमेरिकेतल्या 'बीअर्स निकषां'नुसार तर 65 वर्षांवरील लोकांनी झोपेसाठी बेन्झोडायझेपिन आणि झोल्पिडेमसारखी औषधं शक्यतो टाळावीत. झोप यावी म्हणून सर्दीची जुन्या प्रकारची, गुंगी आणणारी गोळी घेणंही बरं नाही. तिने बद्धकोष्ठ होतं, लघवी अडते, कधी भ्रमही होतो.

हे वाचून गोळी आज रात्रीच बंद करू नका. अनेक महिने चाललेलं बेन्झोडायझेपिन एकदम थांबवलं तर झोप पार उडते, हात थरथरतात, क्वचित झटकेही येतात. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्या-आठवड्यांनी, हळूहळू उतरवायचा असतो. जोडीला निद्रानाशावरची वर्तन-उपचार पद्धती असली तर ते पुष्कळदा साधतं. तिच्यात उठण्याची वेळ पक्की केली जाते आणि झोप नसताना अंथरुणात पडून राहणं टाळलं जातं.

पुढच्या तपासणीला जाताना बीपी, मधुमेह, सर्दी, दुखणं, सगळ्यांच्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांना सरळ विचारा: ही झोपेची गोळी अजून लागते का? लागत असेल, तर या वयाला हाच डोस योग्य आहे का?