लेकरांचा सहवास आणि रोगजंतू

चैत्री पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर गेलेल्यांना हे दृश्य अपरिचित नाही. सासनकाठ्या नाचत आहेत, गुलालाने माखलेले पोर बापाच्या खांद्यावर बसले आहे. एकाच तांब्याला तोंड लावून घरातील चौघे पाणी पीत आहेत आणि एकाच पंचाने सर्वांची तोंडे पुसली जात आहेत. घरी परतल्यावर तीन-चार दिवसांनी पोराचा घसा सुजतो, ताप भरतो. मागोमाग धाकट्या भावंडाचाही घसा धरतो. मग घरातील वडीलधारी मंडळी निर्णय देतात, "गुलाल बाधला!"

गुलालाने घसा खवखवेल, खोकला येईल; परंतु तापाची साथ एकाकडून दुसऱ्याकडे नेण्याचे सामर्थ्य गुलालात नाही. ते जंतूंत आहे. तेव्हा मुलांच्या नित्याच्या सहवासाने जंतुरोग पसरतात काय, या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच द्यावे लागते. मात्र प्रत्येक स्पर्श सारखाच घातक नसतो. घशाचा स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू मुख्यतः खोकल्या-शिंकण्याच्या तुषारांतून जातो आणि दोन ते पाच दिवसांत आपले अस्तित्व दाखवितो. तोंडाभोवती पिवळी खपली धरणाऱ्या पुळ्या हाताने व पंचाने पसरतात. मुलांच्या घसादुखीपैकी बहुतेक विषाणूंमुळे होते, व तिथे पेनिसिलिनचा काडीचाही उपयोग नाही, हेही सांगून ठेवले पाहिजे.

मग इतक्या किरकोळ दुखण्याची चर्चा कशाला? कारण स्ट्रेप्टोकॉकसचा घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना, विशेषतः पाच ते पंधरा वर्षांच्या, सांधे सुजविणारा ताप येतो. सांधे पुढे बरे होतात. हृदयाच्या झडपा मात्र कित्येकदा जन्मभर अधू राहतात. म्हणून डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या असता, तिसऱ्या दिवशी पोर अंगणात खेळू लागले म्हणून त्या बंद करणे हा मोठा अविचार होय. औषध सुरू झाल्यावर साधारण एका दिवसाने त्या मुलापासून इतरांना असलेला धोका पुष्कळच ओसरतो. तोवर त्याचा पेला व पंचा वेगळा ठेवावा आणि घरातल्यांनी साबणाने हात धुवावेत. त्याला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

याहून चमत्कारिक गोष्ट न्यूमोकॉकसची. हा जंतू धडधाकट मुलांच्या नाकात कसलाही त्रास न देता राहतो, आणि त्याच मुलाला मांडीवर घेणाऱ्या आजीला मात्र न्युमोनियाने अंथरुणास खिळवितो. ही केवळ शंका नव्हे. अमेरिकेत 2000 साली तान्ह्या मुलांना या जंतूवरील नवी लस देऊ लागले. पुढील काही वर्षांत, ती लस मुळीच न टोचलेल्या वृद्धांतही लशीतील प्रकारांमुळे होणारे गंभीर रोग घटले. मुलांच्या नाकातील जंतू हटले आणि आजी-आजोबा वाचले! आपल्या देशात ही लस 2017 पासून काही भागांत व 2021 पासून सर्वत्र सरकारी लसीकरणात मोफत मिळू लागली.