सिकलसेलची चिठ्ठी : एक पट्टा की दोन?

भडगावच्या आपल्या वस्त्यांना बुलढाणा, अकोला, नागपूरकडच्या सोयरिकी नव्या नाहीत. विदर्भातील बौद्ध समाजात आणि इकडे सातपुड्यातील पावरा, भिल्ल बांधवांत सिकलसेलचे प्रमाण जास्त आढळते. शिबिरात रक्त दिले, चिठ्ठीवर 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह' लिहून आले, की घरात रडारड होते. ठरलेले लग्न मोडायला लोक निघतात. जरा थांबा. त्या चिठ्ठीने अजून अर्धेच सांगितले आहे.

रक्ताला लाल रंग देणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन आहे. नेहमीचे ते 'ए', सिकलचे ते 'एस'. दोघांत फरक इवलासा : प्रथिनाच्या साखळीतील एकच कडी बदललेली. पण त्यामुळे प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडे-सांधे ठणकतात. आई-बाप दोघांकडून 'एस' आला तर तो रुग्ण (एसएस). एकाकडूनच आला तर वाहक (एएस), आणि वाहक बहुधा ठणठणीत असतो.

शिबिरातील चाचणीत रसायनात रक्ताचा थेंब टाकतात. गढूळ झाले तर 'एस' आहे. अडचण अशी की वाहकाचेही गढूळ आणि रुग्णाचेही गढूळच!

हा फरक इलेक्ट्रोफोरेसिसने कळतो. ओल्या पट्टीवर किंवा जेलवर रक्तातील हिमोग्लोबिनचा ठिपका ठेवून दोन टोकांना वीज देतात. प्रथिने धन टोकाकडे सरकू लागतात. बदललेल्या कडीमुळे 'एस'वरचा ऋण भार कमी असतो, म्हणून तो मागे रेंगाळतो. 'ए' पुढे जातो. थोड्या वेळाने पाहिले तर निरोग्याचा पट्टा पुढे, रुग्णाचा मागे, वाहकाचे मात्र दोन पट्टे. अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली याच युक्तीने दाखवून दिले की या आजाराचे मूळ प्रथिनाच्या घडणीत आहे. आता बऱ्याच ठिकाणी एचपीएलसी यंत्रावरही हेच काम होते.

वेस्टर्न ब्लॉट हे नाव काहींनी एचआयव्हीच्या संदर्भात ऐकले असेल. तीही याच घरातली. तिथे वेगळी केलेली प्रथिने जेलवरून पातळ पापुद्र्यावर उतरवतात आणि ठराविक प्रथिनालाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडांनी ओळखतात. हिमोग्लोबिन रक्तात मुबलक असते, म्हणून सिकलसेलला एवढी खटपट लागत नाही.

आता लग्नाचे. एक वाहक आणि दुसरा निरोगी असेल तर मूल रुग्ण होत नाही. फार तर वाहक होईल. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी चारात एक शक्यता रुग्ण मुलाची. 'पहिले निरोगी झाले, आता चिंता नाही' हा हिशेब चुकीचा; प्रत्येक वेळी तो नव्याने सुरू होतो. म्हणून दोन्हीकडचे रिपोर्ट साखरपुड्याआधीच पाहावेत. लग्न झालेले असेल तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगावे, गर्भाची तपासणी करता येते.

गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर तपासणाऱ्याला तसे आवर्जून सांगा, कारण दुसऱ्याचा 'ए' तुमच्या पट्टीत उमटतो. आणि घरात एसएस रुग्ण असेल तर वैशाखात केळीच्या बागेत कामाला जाताना पाण्याची बाटली भरून द्या. अंगातले पाणी कमी झाले की त्याच्या कळा सुरू होतात.