ब्रेस घातल्याने पाठ सरळ होते का?

नाही. आणि हे आधीच माहीत असेल, तर पुढची दोन-तीन वर्षं घरातल्या सगळ्यांनाच थोडी सोपी जातात. कसं ते सांगते.

पाठीचा कणा मागून पाहिला तर सरळ दिसायला हवा. तो बाजूला वळला आणि एक्स-रेवर त्या बाकाचा कोन 10 अंश किंवा जास्त भरला, की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. वाढीच्या वयात शंभरातल्या दोन-तीन मुलांना तो असतो. मोठा बाक होण्याचं प्रमाण मात्र मुलींमध्ये बरंच जास्त. बहुतेकांच्या बाबतीत नेमकं कारण सापडत नाही. फाइलवर ‘इडिओपॅथिक’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच. जड दप्तर किंवा वाकून बसणं यामुळे तो होत नाही. (दप्तर हलकं जरूर करा, पण दुसऱ्या कारणांसाठी.) तेव्हा ‘तरी सांगत होते, ताठ बस’ हे वाक्य आता बंद केलेलं बरं.

कणा नुसता बाजूला जात नाही, तो पिळलाही जातो. त्याच्याबरोबर बरगड्या फिरतात. म्हणून डॉक्टर मुलीला पाय जुळवून पुढे वाकायला सांगतात. तसं वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसते.

एक्स-रेवर मोजतात तो कॉब अँगल. ही पद्धत 1948 सालची, आणि अजून तीच चालते. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: एकच एक्स-रे दोघांनी मोजला तर पाचेक अंशांचा फरक सहज पडू शकतो. मागच्या वेळी 22 होता, आता 25 आहे, म्हणून लगेच रात्रभर जागू नका.

कोनाइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे उंची अजून किती वाढायची आहे. बाक वाढतो तो मुख्यतः उंची झपाट्याने वाढते तेव्हा. कमरेच्या हाडाची वरची कड किती पक्की झाली आहे यावरून याचा अंदाज बांधतात, त्याला रिसर म्हणतात. 30 अंश आणि रिसर 0, आणि 30 अंश आणि रिसर 4, ही दोन अगदी वेगळी प्रकरणं आहेत. पहिल्या मुलीला बहुधा ब्रेस सुचवतील, दुसरीला बहुधा नाही. 50 अंशांच्या पुढे गेलेला बाक मात्र उंची थांबल्यावरही हळूहळू वाढत राहण्याची शक्यता असते. शस्त्रक्रियेचा विषय त्याच सुमारास निघतो.

म्हणजे ब्रेसचं काम आहे उंची थांबेपर्यंत बाकाला त्या 50 च्या अलीकडे धरून ठेवणं. हे खरंच जमतं का, याचं पक्कं उत्तर बरीच वर्षं नव्हतं. ते 2013 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ‘ब्रेस्ट’ नावाच्या चाचणीतून मिळालं. 10 ते 15 वयाची, 20 ते 40 अंश बाक असलेली 242 मुलं. काहींना ब्रेस, काहींवर फक्त लक्ष. ब्रेसवाल्यांपैकी 72 टक्के मुलं वाढ पूर्ण होईपर्यंत 50 च्या खाली राहिली, बाकीच्यांपैकी 48 टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवली.

तो 48 चा आकडा पुन्हा वाचा. ब्रेस न घालताही जवळजवळ निम्म्या मुलांचं भागलं! पण ती निम्मी कोणती हे आधी कळत नाही, म्हणून काहींना गरज नसताना ब्रेस घालावा लागतो. याबद्दल मुलीशी खरं बोलावं असं माझं मत आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला हे समजतं.

ब्रेसमध्ये तापमान नोंदवणारं छोटं यंत्र बसवलं होतं, त्यामुळे घातलेले तास खरे कळले. 18 तास घालायला सांगितलं होतं. दिवसाला सरासरी 13 तास किंवा जास्त घालणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त मुलं वाचली. सहा तासांपर्यंत घालणाऱ्यांचा निकाल ब्रेस न घालणाऱ्यांसारखाच. आता, जी मुलं नेमाने ब्रेस घालतात ती इतर बाबतींतही वेगळी असू शकतात, त्यामुळे सगळं श्रेय तासांना देता येत नाही. तरी कपाटात ठेवलेल्या ब्रेसचा उपयोग नाही, हे नक्की.

व्यायामाचं काय? श्रॉथ पद्धत जर्मनीत 1921 पासूनची. ज्या बाजूला छाती दबलेली, तिकडे श्वास भरत शरीर सरळ धरायला शिकवतात. त्यावरचे अभ्यास लहान आहेत, काहींत फायदा दिसतो. ब्रेसच्या जोडीला जरूर करा. ब्रेस सुचवलेला असताना त्याच्याऐवजी मात्र नको. मालिश करून हाड ‘बसवून’ देणाऱ्यांकडे जाण्यात वाढीचे मोलाचे महिने जातात, पैसे जातात ते वेगळेच.

आणि ‘पुढे लग्नाचं काय’ म्हणून आत्याला-मावशीलाही न सांगणारी घरं आहेत. आयोवा विद्यापीठाने उपचार न झालेल्या लोकांचा सुमारे पन्नास वर्षं मागोवा घेतला. पाठदुखी इतरांपेक्षा जास्त होती, दिसण्याबद्दल थोडी नाराजीही होती, पण बहुतेकांचं कामधाम, संसार नीट चाललेलं होतं.

राहिली शाळा. ब्रेसच्या आत शिवण नसलेला सुती बनियन, वर एक माप मोठा गणवेश. खेळाच्या तासाला बहुतेक वेळा काढता येतो. शाळेत अजिबातच नको असा तिचा हट्ट असेल, तर दुपार, संध्याकाळ आणि रात्र मिळून किती तास भरतात ते तिच्यासोबत कागदावर मांडा, आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. बोलायचं तिलाच बोलू द्या.