सीमोल्लंघन आणि पहिली मोटारसायकल

विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांतील एक. या दिवशी अनेकांच्या दारी पहिली मोटारसायकल येते. पंढरपूर ते सोलापूर अंतर सुमारे ७० किलोमीटर. नोकरीसाठी एवढा मार्ग नित्य आक्रमिणाऱ्या तरुणाने वाहनाच्या वेगाआधी त्याचा लगाम पाहावा. १२५ सीसीहून मोठ्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे. अवचित ब्रेक दाबला तरी त्यामुळे चाक जखडत नाही. दोन्ही पाय भुईला टेकतात ना, पाठ अवघडत नाही ना, हे स्वतः बसून पाहावे. कठोपनिषदात देहाला रथ आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे. सारथ्याचे स्थान राखावयाचे, तर पूजेच्या पाटावर किल्लीशेजारी हेल्मेटही हवे. सीमोल्लंघन करून परतलेल्यास आपण ओवाळतो. वाचकहो, ते परतणे रोज घडावे, हे ध्यानी धरूनच गाडी निवडावी.